बघितलं की लपणारी चूक

गुंताबाई नेमकं काय काम करते, हे तिच्या नवऱ्याला लग्नाला एवढी वर्षं होऊनही धड सांगता येत नसे. कुणी विचारलंच तर तो म्हणे, "कॉम्प्युटरमधलं काहीतरी दुरुस्त करते," आणि पटकन विषय बदले. त्याला तरी काय दोष द्यायचा? सुतार खुर्ची करतो, शिंपी सदरा शिवतो. हिने दिवसभर राबून काय केलं म्हणावं, तर काल जे अधूनमधून बिनसत होतं ते आजपासून बिनसत नाही. असली गोष्ट चारचौघांत दाखवायची कशी!

नाव अर्थातच गुंताबाई नव्हे. ते ऑफिसने पाडलं. ज्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले ते सगळे गुंते हिच्या टेबलावर येऊन पडत, म्हणून गुंताबाई. आधी लोक पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, पुढे तीच फोन उचलून "हां, गुंताबाई बोलतेय" म्हणायला लागली. चेष्टा मनाला लावून घेणाऱ्यांतली ती नव्हती.

तिच्याकडे एक लायब्ररी सांभाळायला होती. लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे आणू नका. ही लायब्ररी म्हणजे एकाने लिहायची, यंत्राच्या भाषेत उतरवायची, ज्याला ते लोक कंपाइल करणं म्हणतात, आणि झाकण घट्ट लावून दुसऱ्याच्या हाती द्यायची. आत काय आहे ते मग कुणा माणसाला सरळ वाचता येत नाही. ज्याने घेतली त्याने वापरावी, नसत्या चौकशा करू नयेत. गुंताबाईची लायब्ररी रक्त तपासणाऱ्या मशीनसाठी होती. मशीनने आकडे काढले की ते ज्याचे त्याच्या नावापुढे बसवायचे आणि डॉक्टरच्या पडद्यावर पोचवायचे, एवढंच तिचं काम.

पण मोठ्या हॉस्पिटलात एकाच वेळी पुष्कळ मशीन चालू असतात, म्हणून लायब्ररीतही एकाच वेळी पुष्कळ हात राबत असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. आणि हे हात एकमेकांना बघत नाहीत, तिथेच सगळी मेख आहे. नणंदेला समजावताना गुंताबाई म्हणाली होती, "हे बघ, दोन जावा एका स्वयंपाकघरात, एकमेकींशी अबोला. एक मीठ घालून गेली, दुसरीला वाटलं घातलंच नाही, तिने परत घातलं. एरवी महिनोन्‌महिने सगळं बिनबोभाट चालतं. एखाद्या दिवशी दोघींचा हात एकाच क्षणी डब्यात जातो."

"मग एकीला बाहेर थांबवायचं," नणंद म्हणाली.

"तेच तर. दाराला कुलूप घालायचं, एक बाहेर आली की दुसरी आत. पण कुठल्या दाराला, ते आधी सापडायला हवं ना!"

ही नणंद म्हणजे बेबी. चाळिशी उलटली तरी बेबीच. घरातलं शेंडेफळ, त्यामुळे नाव जे चिकटलं ते चिकटलं. लग्न करायचं राहून गेलं, का राहिलं याची चर्चा घरात आता कुणी करत नसे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. नमुने घ्यायचे, नळीवर नावाची चिकटपट्टी लावायची, मशीनला द्यायचे. हातात जादू होती पोरीच्या. लहान मुलंसुद्धा सुई टोचेपर्यंत तिच्याशी गप्पा मारत बसायची. त्या लॅबमध्ये गुंताबाईचीच लायब्ररी चालते हे कळल्यावर दोघींना केवढी गंमत वाटली होती. रविवारी जेवायला आली की बेबी दारातूनच ओरडे, "वहिनी, या आठवड्यात तुझं सामान नीट वागलं हां! शाबास म्हण त्याला!"

आता जे झालं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला तर हवं.

एका सकाळी दोन माणसांचं रक्त लॅबमध्ये आलं. एक होते चित्रकलेचे निवृत्त मास्तर, छातीत धडधडतंय म्हणून आलेले. दुसरा एक तरणाबांड बस कंडक्टर, साध्या तपासणीसाठी. मास्तरांच्या रक्तात पोटॅशियम हृदय बंद पडेल इतकं वाढलेलं होतं, पण पडद्यावर मास्तरांच्या नावापुढे आकडा आला अगदी शहाण्यासारखा. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा, आराम करा. मास्तर घरी गेले, खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. इकडे कंडक्टरला धरून निजवलं, औषधं चढवली. तो बापडा ओरडून सांगतोय, मला काही झालेलं नाही. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा ते खरंच निघालं. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की दोघांचे आकडे एकमेकांच्या नावावर गेले. तोवर त्या पहिल्या नळ्या नियमाप्रमाणे टाकूनही दिल्या होत्या, म्हणजे पडताळायलाही काही उरलं नाही.

दोन्ही नळ्यांवर चिकटपट्ट्या बेबीने लावल्या होत्या. झालं, खापर फोडायला डोकं मिळालं.

"वहिनी, मी दोघांना नाव विचारून लावल्या," बेबी त्या दिवशी येऊन म्हणाली. रडत नव्हती, चिडली होती. "मास्तर तर म्हणाले, नाव नीट लिही हं, शाळेत मुलं चुकवायची. मी विसरेन का हे?"

"नाही केलंस तू," गुंताबाई म्हणाली. "मी बघते."

हॉस्पिटलने कंपनीला विचारलं, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही दोष आहे का? कंपनीचे साहेब सदा हसतमुख, बातमी चांगली असो की वाईट, चेहरा तोच. गुंताबाईने त्यांना सरळ सांगितलं की चिकटपट्ट्या लावणारी ती माझी नणंद आहे. साहेब हसले. "उत्तमच की! मग तुम्ही कसून बघाल. पण बघा हं, उद्या कुणी म्हणायला नको की घरच्या माणसासाठी शोधून शोधून दोष काढला."

हे वाक्य गुंताबाईच्या डोक्यात बसलं. मेलं बसायला नको होतं! तिने ठरवलं की आपलं काम असं चोख करायचं की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. म्हणून तिने लायब्ररीतल्या प्रत्येक थ्रेडला पावलोपावली नोंद करायला लावली. मी आलो, मी नाव उचललं, मी आकडा ठेवला, मी गेलो. आणि मग खोट्या रोग्यांचे खोटे नमुने मशीनवर सोडले, दिवसचे दिवस. डोळ्यांत तेल घालून नोंदी वाचल्या. एकही आकडा चुकीच्या नावावर गेला नाही. शेवटी तिने जे दिसलं ते प्रामाणिकपणे मेलमध्ये लिहिलं: कसून तपासणी केली, दोष आढळला नाही.

त्या मेलच्या आधारावर बेबीला काढून टाकलं.

बेबीने वहिनीला एक शब्द बोलून दाखवला नाही. दादाने, म्हणजे गुंताबाईच्या नवऱ्याने, जेवताना एकदा विचारलं, "तू बघितलंस ना नीट?" ती म्हणाली, बघितलं. त्याने मान डोलावून भात कालवायला घेतला. त्याने भांडायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.

पुढे एका दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ कुरकुरत होता. त्याच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी चालू केल्या की सगळं बैलगाडीसारखं चालतं म्हणे. "का नाही चालणार," गुंताबाई मान वर न करता म्हणाली, "नोंदवही एक, लिहिणारे दहा. प्रत्येकाला रांगेत थांबावं लागतं. लिहिण्याच्या जागेला कुलूप असतंच की."

आणि बोलता बोलता तिने मान वर केली.

लिहिण्याच्या जागेला कुलूप. म्हणजे तिने पावलोपावली नोंद करायला लावली तेव्हा तिने पावलोपावली कुलूप घातलं होतं. दोन जावांना तिने स्वतःच रांगेत उभं केलं, आणि वर निर्वाळा दिला की बघा, किती गुण्यागोविंदाने नांदताहेत. या धंद्यातल्या कुठल्याही नवशिक्याला पहिल्याच वर्षी कानीकपाळी ओरडून शिकवतात की बघायला गेलं की ही चूक लपते. तिने स्वतः कितीजणांना शिकवलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी, जिच्यासाठी बघायचं तिच्याच वेळी, ती हे विसरली. कारण तिला चोख दिसायचं होतं. ती उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

तिने सगळ्या नोंदी काढून टाकल्या आणि पुन्हा नमुने सोडले. काही नाही. हॉस्पिटलात होती तशीच मशीन मागवून घेतली, तसाच भार दिला. काही नाही. ऑफिसातले लोक म्हणायला लागले, गुंताबाईला बाधा झालीय. आणि एके सकाळी, ती कपातला उरलेला चहा ओतायला उठणार तोच, पडद्यावर एका खोट्या रोग्याच्या नावापुढे दुसऱ्या खोट्या रोग्याचा आकडा येऊन बसला.

तिने किंचाळी मारली. खरोखरची किंचाळी. साहेबांना हाताला धरून आणलं.

साहेबांनी पडदा बघितला, हसले. "कसं झालं?"

"ते कळायला नोंद हवी. नोंदी बंद आहेत."

"मग चालू करा आणि परत दाखवा."

"चालू केल्या की होत नाही!"

"मॅडम," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही मला सांगताय की तुम्ही बघत नसाल तेव्हाच ते होतं. हे मी हॉस्पिटलच्या वकिलाला सांगू?"

शब्दन्‌शब्द खरं होतं त्यांचं. तिला त्या हसऱ्या चेहऱ्यावर चहा फेकावासा वाटला, आणि खरं सांगायचं तर फेकला असता तरी काही बिघडलं नसतं.

मग तिने नाही नाही ते केलं. प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी वही दिली, म्हणजे रांग नको. तर तेवढ्या लिहिण्यानेही वेळेचा मेळ बदलला आणि चूक पसार. थ्रेडवर पाळत ठेवणारं एक अवजार असतं, ते लावून पाहिलं. पण त्याला आत शिरायला लायब्ररी नव्याने कंपाइल करावी लागते, आणि या लायब्ररीचा सगळ्यात जुना तुकडा बाहेरून विकत आणलेला. तो लिहिणारी कंपनी केव्हाच बुडाली, मूळ लिखाण कुणाकडेच नाही, राहिला नुसता झाकण लावलेला डबा. नेमक्या त्याच जागी अवजार आंधळं. शेवटी ती तो डबा यंत्राच्या भाषेतच वाचत बसली. एक आकडा इथून उचल, तिथे ठेव, अमुक असेल तर उडी मार. असलं वाचन म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, पण तिने ते रेटून नेलं. आणि जागा सापडली. रोग्याचं नाव क्षणभर ठेवायला आत एकच खण होता. सगळ्या थ्रेडमध्ये मिळून एक. एकाने नाव ठेवलं आणि आकडा आणायला वळला, तेवढ्यात दुसऱ्याने येऊन तेच नाव उचललं आणि आपलं तिथे ठेवलं, की दोघांची अदलाबदल, संपलं.

"म्हणजे असं होऊ शकतं," साहेब म्हणाले.

"हो!"

"होऊ शकतं आणि त्या दिवशी झालं, यात फरक आहे ना? चिकटपट्टीही बदलू शकते की." ते खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही कुलूप घाला. पुढच्या आवृत्तीत सगळीकडे जाऊ दे. आपण लिहू, किरकोळ सुधारणा केल्या आहेत."

"किरकोळ? साहेब, माणूस गेलाय. आणि तिची नोकरी..."

"दोष आढळला नाही, हे मी लिहिलं नव्हतं," साहेब म्हणाले. हे बोलताना मात्र ते हसले नाहीत.

डब्याच्या तोंडाशी बाहेरून कुलूप घालायला तिला जेवायच्या सुट्टीइतकाही वेळ लागला नाही. इवलंसं काम! घालू नये असंही एकदा मनात येऊन गेलं, कारण नवी आवृत्ती गेली की खऱ्या लॅबमध्ये ती चूक पुन्हा कधी होणार नाही, आणि बेबीच्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नाही. पण चूक पुन्हा होणं म्हणजे आणखी कुणीतरी मास्तर घरी जाऊन खुर्चीत बसणं. तिने कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती हॉस्पिटलात लॅबच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना भेटायला गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आम्ही निर्णय तुमच्याच मेलवर घेतला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही कंपनीच्या होतात. आज कंपनीने पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही. मी माझी आलेय."

"तुम्ही तिच्या वहिनी ना?"

गुंताबाईने मान हलवली.

"मग तुम्हीच सांगा, मी वर काय कळवू?" डॉक्टरीणबाईंनी हे कुत्सितपणे विचारलं नाही. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि गुंताबाईलाही नव्हतं.

तिथून ती तशीच बेबीच्या खोलीवर गेली. निदान हिला तरी सांगू, बाकी जग गेलं खड्ड्यात. बेबीच्या मनातलं ओझं उतरलं तरी सगळं मिळवलं, असं ती वाटेत स्वतःशी म्हणत होती. दार उघडं होतं. बेबी खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाका घालत होती. वाळली होती, पण चेहरा शांत दिसला. गुंताबाई चप्पल काढता काढताच बोलायला लागली. नोंदी, कुलूप, एकच खण, सगळं एका दमात. "तू नाही केलंस, बेबी. माझ्या लायब्ररीने केलं. आणि मी म्हटलं की दोष नाही. माझं चुकलं गं. फार चुकलं."

बेबीने सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "बस ना, वहिनी. उन्हाची आलीस." तिने पाणी आणून दिलं. "मी मास्तरांच्या घरी जाऊन आले."

"कशाला?"

"माफी मागायला. त्यांच्या बायकोने मला आत घेतलं, बसवलं. म्हणाल्या, तू सांगितलंस ते बरं केलंस, निदान कळलं तरी कसं झालं ते. माझ्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी."

"पण तू केलेलंच नाहीस!"

"केलं गं. मला आधी आठवत नव्हतं, आता लख्ख आठवतंय." बेबी समजुतीच्या सुरात सांगायला लागली, ज्या सुरात ती लहान मुलांना सुईबद्दल सांगायची. "दोन्ही नळ्या माझ्या डाव्या हातात होत्या. चिकटपट्टी सोलली आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. मी तिकडे बघितलं, आणि लावली ती दुसऱ्याच नळीला. मला माझं बोटसुद्धा दिसतं, वहिनी. नखावर कागदाचा तुकडा चिकटलेला."

नमुने घेतात त्या खोलीत फोन नेऊच देत नाहीत. बाहेर कपाटात ठेवून जावं लागतं. बेबी स्वतः त्या नियमाच्या नावाने कितीदा बोटं मोडत आली होती, घरून फोन आला की कळत नाही म्हणून.

"बेबी," ती हळू म्हणाली, "त्या खोलीत फोन नसतो."

बेबी थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली, क्षणभर ती खरोखर विचार करत होती. मग आठी गेली.

"मग दुसरं काहीतरी वाजलं असेल," ती म्हणाली आणि वहिनीचा हात हातात घेतला. "आता तू परत सगळं उकरू नकोस ना. मला जरा झोप लागायला लागलीय."